सुटा पत्रा

सामुद्रधुनीकडून येणारा वारा इथे
हवामानात धरत नाहीत, घरच्या माणसांत धरतात.
म्हणून एउलोहिओ बार्रिआ आला तेव्हा
शिडी लावायच्या आधी त्याने टोपी काढून
दगडाखाली ठेवली आणि विचारलं,
"आज कुठल्या अंगावर निजलाय हा?"

मेंढ्यांची लोकर कातरायचं आमचं कोठार.
कातरणारे गेले, मेंढ्या निम्म्यावर आल्या,
पत्रे मात्र तेवढेच, एकशे चौदा,
आजोबांनी बोटीतून उतरवून घेतलेले,
काहींच्या पोटावर कंपनीचा शिक्का अजून निळा.

मी आत. तो वर.
माझ्या हातात वाळल्या गवताची जुडी.
अंधारात जिथे उजेड टोचेल
तिथून एकेक काडी बाहेर सारायची, हे माझं काम.
वर, त्याच्या बाजूला,
गंजक्या पन्हळींतून गवत उगवत जायचं
आणि तो काडी उपटून तिथे
डांबर, गोणपाटाचा तुकडा, पुन्हा डांबर.
"पीक बरं आलंय यंदा," तो वरून ओरडला.

एक पत्रा घोड्याने आतून लाथ घालून फुगवलेला.
तो खाली घेतला. कुंपणाच्या गोल खांबावर पालथा घालून
लाकडी हातोड्याने एकेक पन्हळ जागेवर आणली.
दुपार त्यातच गेली.
मी म्हटलं, सरळ सपाटच करून टाक ना.
"सपाट पत्रा म्हणजे कागद," तो म्हणाला,
"वळ्या आहेत म्हणून उभा राहतो."
तो पत्र्याबद्दलच बोलत होता.
बोलण्याच्या पोटात दुसरं बोलणं ठेवायची
त्याला सवय नाही.

खिळा उंचवट्यावर ठोकायचा, खळगीत नाही,
खळगीतून पाणी जातं.
पत्र्यावर पत्रा चढवायचा तो वाऱ्याला पाठ देऊन.
शिशाच्या टोपीचे खिळे तो ओठांत धरायचा,
त्यामुळे प्रश्नांची उत्तरं
चार-चार खिळ्यांनंतर मिळायची.

शेवटी राहिला दाराशेजारचा.
त्याचा खालचा कोपरा तेवीस वर्षं सुटा होता.
वडील कोळशाच्या खाणीवर गेले त्या रात्रीपासून,
की त्याच्याही आधीपासून,
यावर घरात एकमत नाही.
वारा आला की तो भिंतीवर आपटायचा,
वारा रोज यायचा.
एउलोहिओने दोन खिळ्यांत त्याचा विषय संपवला.

त्या रात्री वारा होता आणि काहीच वाजलं नाही.
आईच्या खोलीत दिवा लागला.
"कोण आलंय?" तिने विचारलं.
कोणी नाही, मी म्हटलं.
"तेच म्हणते मी," ती म्हणाली,
आणि बराच वेळ दिवा तसाच राहिला.

सकाळी ती कणीक मळत होती,
बोटांवर पिठाखाली गंजाचा तांबूस रंग,
खिडकीत मिठाच्या बरणीशेजारी पक्कड
आणि दोन नवे खिळे, किंचित वाकलेले.
बाहेर कोठाराने, फार जोरात नाही,
एकदा दार वाजवल्यासारखं केलं.

एउलोहिओ मातेचा घोट घेत बसला होता.
खिळ्यांकडे बघितलं. आईच्या पाठीकडे बघितलं.
मग पेन्सिल थुंकीने ओली करून
मजुरीच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या खिळ्यांतून
दोन कमी केले.