पडलं, संपलं

पाणी आदल्या संध्याकाळी विहिरीवरून आणायचं,
तांब्याच्या हंड्यात रात्रभर निजवायचं.
पीठ पलीकडच्या खोलीत, दाराला कडी.
भट्टी पेटेपर्यंत दोघांनी
एकमेकांचं तोंड पाहायचं नाही,
असा कुताइसीतल्या आमच्या गल्लीचा शिरस्ता.

मलका क्रिखेली घड्याळाकडे बघत नसे.
पाण्याची धार पिठाला लागली की म्हणे, "पडलं."
आणि अठरा मिनिटांनी, भिंतीकडे तोंड असलं तरी,
"संपलं."
मधल्या वेळात मळा, लाटा, टोचा, भट्टीत सारा.
एकोणिसाव्या मिनिटाला पीठ तेच, पाणी तेच,
रंगात केसाइतका फरक नाही,
पण वल्हांडणाच्या ताटात त्याला जागा नाही.

माझ्याकडे टोचण्याचं काम होतं.
लाकडी मुठीचं दातेरी चाक, वय पंधरा.

त्या वर्षी डोंगरावरचं बर्फ एकदम वितळलं,
रिओनी पुलाच्या कमानीला टेकली.
खिडकीतून दिसलं: एक आख्खं झाड वाहत चाललंय,
आणि वरच्या फांदीवर कोंबडा.
ओरडत नव्हता. नुसता बसलेला,
तिकीट काढून बसल्यासारखा.
मी चाक हातात धरून उभा.
किती वेळ, सांगता येणार नाही.
झाड कमानीखाली शिरलं, शेपटाकडून गडप झालं, एवढा.

"संपलं."

माझ्या पुढ्यात सात भाकरी, एकीलाही भोक नाही.
मी मान खाली घातली, बोलणी खायला.
मलकानं सगळं पीठ गोळा केलं, फडक्यात बांधलं.
"नोदारकडे नेऊन दे. त्याच्या बदकांना सण नसतो."

टाकणं तिला ठाऊकच नव्हतं.
मेणबत्त्यांची थुटकं वितळवून ती नवी मेणबत्ती करी,
पिशवीचा सुतळीचा तुकडा खिशात,
प्रार्थनेच्या पुस्तकाचं सुटं पान
माणसासारखं मातीत पुरायला वेगळं ठेवलेलं.
गाठ मारताना म्हणाली,
"पीठ बदकं खातील.
तुझी मिनिटं कोण खाणार?"

मला राग आला. पंधराव्या वर्षी येतोच.
"मग शनिवारी काय करतेस तू?
भट्टी थंड, सुई खाली,
अख्खा दिवस बाकावर बसून पाय हलवतेस.
तो नाही का वाया?"

ती हसली. सुरकुत्यांतलं पीठ हललं.
"हात चालता असतो तोवर पीठ आंबत नाही, खरंय.
पण आपण काय पीठ आहोत?
सहा दिवस ज्याला लाटलं, टोचलं, भाजलं,
त्याला सातव्या दिवशी
जरा फुगू द्यावं."

मग लगेच, "बघतोस काय? चाक धुऊन आण."

चाळीस वर्षांनी, शहराच्या इस्पितळात,
तिच्या खाटेशी मी सकाळपासून बसलो होतो.
"भट्टी कोण बघतंय?" दोनदा विचारून झालं.
"आहेत पोरं."
"मग तू इथं काय करतोयस?"
"काही नाही."
यावर ती काही बोलली नाही. म्हणजे मंजूर.
आजाऱ्यापाशी बसलेली वेळ
तिच्या हिशेबात खर्चाच्या बाजूला नसे.

तेव्हा मी तिला कोंबड्याचं सांगितलं.
त्या सणाच्या हजारभर भाकरींतली एकही मला आठवत नाही,
कोंबडा आठवतो. तुरा ओला नव्हता त्याचा.
ती छताकडे बघत ऐकत होती.
"पुढं? उतरला का कुठं?"
"माहीत नाही. कमानीपलीकडे दिसायच्या आत
तू 'संपलं' म्हणालीस."

बराच वेळ गेला. सलाइनचे थेंब मी मोजले नाहीत.

"अरेरे," मलका म्हणाली,
"मग ते मिनिट खरंच वाया गेलं रे."

चादरीखाली तिचे पाय हलत होते,
मंगळवार असून.