दरबीसरची कोठी

बँकेचा फॉर्म चार पानी.
रकाना पहिला : मालमत्तेचे नाव.
फाटकावरच्या संगमरवरी पाटीतलं शिसं
कुणीतरी कधीच उकरून विकलंय,
रिकाम्या खाचांतून बोट फिरवलं तेव्हा कळलं : डर्बीशायर.
मुरारमध्ये कुणालाही विचारा, म्हणतील दरबीसर की कोठी.
कोण हे दरबीसर?
मथुराप्रसाद किल्ल्यांचा जुडगा चाळवत म्हणाला,
"साहब थे कोई. बडे आदमी. आए कभी नहीं."

आले ते धारराव सरदारच.
विलायतेत एक उन्हाळा पाहुणचार झोडून
(तिथला उन्हाळा म्हणजे आपला पौष)
बोटीतून नकाशाची एक गुंडाळी घेऊन उतरले.
टेकडीच्या कुशीतलं घर, दगडी बांध, मेंढ्या.
ओव्हरसियरला म्हणाले, हेच. इथंच. अस्संच.

मग झालं अस्संच.
छप्पर तीव्र उताराचं, बर्फ घसरून पडावं म्हणून.
ग्वाल्हेरात!
जिथं मे महिन्यात कावळेसुद्धा
नळाखाली चोच उघडून बसतात.
शंभर वर्षांत त्या उतारावरून घसरले
पतंग, चिंचेचे आकडे,
आणि एकदा एक माकडीण, पिलासकट.

मी टेपची डबी धरते, तो टोक.
दिवाणखाना बेचाळीस बाय अठ्ठावीस.
जमीन मिंटन टाइल्स, सदतीस फुटलेल्या.
सात खोल्यांत सात फायरप्लेस.
एकीत वाकून टॉर्च मारला
तर वर वाटच नाही. विटा.
छपरावर सात धुराडी मी स्वतः मोजून आले होते,
ती वरच्यावर उभी, खाली कुणाशी बोलणं नाही.
नकाशा बाहेरून काढलेला होता,
मिस्त्रीला जे दिसलं ते त्यानं बांधलं.

सहांत कोळ्यांचे संसार.
सातवीच्या कपाळावर मात्र काळा डाग,
थेट छतापर्यंत.

"जहागिऱ्या गेल्या ना, त्या साली," तो म्हणाला,
"मोजणीदार सकाळी यायचे होते.
रात्री रावसाहेबांनी दफ्तर इथं पेटवलं,
मोडीचे रुमालच्या रुमाल.
धूर वर गेलाच नाही. घरात फिरला.
राणीसाहेब, खानसामा, मोतद्दार, माझे आजोबा,
सगळे खोकत खोकत एकाच हिरवळीवर.
पहाटेपर्यंत.
तशी ती एकच रात्र."

मी लिहिलं : काजळी. सफेदीने जाईल. वजावट नगण्य.

किल्ल्या वाजायच्या थांबल्या.
"एक कागद हमारा भी था उसमें."
आणि मग शाळेत पाढा म्हणावा तसं, न अडखळता :
पूर्वेस बारव, पश्चिमेस पाट,
दक्षिणेस सरकारी वाट, उत्तरेस चिंच.
चार बिघे, आंब्यांसह.

फॉर्ममध्ये याला रकाना नाही.
मी शेवटचं पान उलटून पाहिलं,
मागे फक्त शिक्क्याची जागा.

मान वर केली तर तो निघालेला,
टेपचं टोक अजून मुठीत.
व्हरांडा उतरला, हिरवळ ओलांडली,
जिथं हिरवळ होती तो काँग्रेस गवताचा पट्टा ओलांडला.
माझ्या हातातली डबी सरसर रिकामी होत गेली.
वीस. पंचवीस. सत्तावीस.
तिसाला हिसका बसला.

बारवेच्या बाजूनं
तो वळून ओरडला,
"मॅडम, और है क्या?"