अठ्ठाविसावा प्रश्न

सत्तावीस प्रश्न दिले होते मला, पिवळ्या फायलीत,
आणि दोन्ही टोकांनी तासलेली एक पेन्सिल.
गुलूच्या ऑफिसात तीन दिवस शिकवलं:
परक्या अंगणात कुठे बसायचं,
कुणी रडायला लागलं तर किती वेळ गप्प राहायचं,
आणि आपलं स्वतःचं काही
काही म्हणजे काहीच सांगायचं नाही.

पहिल्याच प्रश्नाला अडलं.
'नैराश्य' म्हणजे काय, म्हातारीने विचारलं.
आमच्या अचोली भाषेत त्या शब्दाला घर नाही.
आमच्याकडे कुमू आहे:
भर उन्हात चादर गुंडाळून
गालाला हात लावून बसलेला माणूस.
आमच्याकडे पार आहे, म्हणजे विचार,
रात्रभर कणगीत फिरणाऱ्या उंदरांसारखे.
ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, मग तेच लिहा.
तेव्हा पहिल्यांदा वाटलं
हा कागद आपल्या गावचा आहे.

एकतिसावं घर माझ्या भावाचं.
ओजारा.
अकराव्या वर्षी त्याला रानात नेलं बंदूकवाल्यांनी.
सोळाव्या वर्षी परतला.
निदान गुडघ्यापर्यंत तरी परतला,
बाकीचा अजून वाटेत आहे.
तो नव्हता. अचिरो होती, चुलीपाशी,
कसाव्याची दारू थेंब थेंब गळत होती.

प्रश्न नववा: घरात दारू येते का?
हसली ती. 'येत नाही गं, जाते.
शनिवारी चाळीस बाटल्या जातात,
त्यावर तीन पोरांची फी निघते.
आणि पाच तुझा भाऊ इथेच संपवतो.
कुठल्या रकान्यात घालशील?'
रकाना नव्हता. मी समासात लिहिलं,
अक्षर बारीक करत करत.

प्रश्न चौदावा.
दंडावरचं काय, विचारलं.
भट्टीचा चटका, म्हणाली.
भट्टीला चार बोटं नसतात.
मी 'चटका' लिहिलं. पेन्सिलीचं दुसरं टोक वापरलं,
पहिलं तिथेच मोडलं होतं.

पावसानंतर शियाच्या झाडाखाली सभा भरली.
मी आकडे वाचले. एकशे बारा घरं.
इतके पिणारे, इतक्या मार खाणाऱ्या,
इतके जण, ज्यांना सकाळी उठावंसंच वाटत नाही.
पुरुषांनी आपापल्या चपला न्याहाळल्या.
एका पोराने बकरीला हुसकलं, बकरी परत आली.

मग लाकारेबेर उठली. दिसत नाही तिला,
म्हणून आवाजाच्या दिशेने बोलते:
'मारणारे मोजलेस, मार खाणाऱ्या मोजल्यास.
ऐकणारे मोजलेस का, पोरी?
झोपडीपासून झोपडी बारा पावलांवर.
किंकाळीला बारा पावलं चालायला
किती वेळ लागतो?'

कुणी हललं नाही.
बकरीसुद्धा.

बाईंनी खडूने फळ्यावर लिहिलं, आधी चुकीचं, मग पुसून:
'त्या रात्री तुम्हाला ऐकू आलं का?'
आणि म्हणाल्या, सगळी घरं पुन्हा करायची.

पहिला फॉर्म मी माझाच भरला.
हो, आलं.
आधी मडकं, मग तिचा आवाज, मग नुसतंच काहीतरी जड.
मी रेडिओ मोठा केला.
फुटबॉलची मॅच चालू होती.
दोन-एक.
गोल कुणी केले तेही सांगता येईल मला.
तेवढ्याला मात्र कुणी रकाना ठेवला नाही.

फॉर्म घेऊन गेले अचिरोकडे.
ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती.
मी नियम मोडला. सांगितलं सगळं, रेडिओसकट.
तिने मूठभर दाणे माझ्या ओच्यात टाकले,
टरफलं फुंकली, आणि मान वर न करता म्हणाली:
'ठाऊक होतं.
रेडिओ मोठा झाला की कळायचं मला,
तू जागी आहेस.'