साडेतीन

साडेतीनला जाग येते अजून.
गजर नाही, घंटा नाही,
कुडचड्याच्या स्टेशनात खनिजाच्या वाघिणी उभ्या,
आणि मी उताणी, डोळे उघडे,
तळवे थंड लादी शोधत.

टेकडी सोडून सात वर्षं झाली.
अंगाला अजून कुणी कळवलेलं नाही.

मग फोनवर एकेक जण उगवतो.
फिलोमेना, चिंचिणीहून.
पुनो, वाळपईहून, पंख्याच्या घरघरीसकट.
सुलक्षा शारजात, तिथे दोन वाजलेले.
देश बदलला तिने, झोप मात्र
टेकडीवरचंच घड्याळ लावून बसलीय.

काय बोलतो आम्ही?
देवाचं नाही. थोरलीचंही फारसं नाही.
मीठ किती घालायचं ते विचारतो.
(तिथे आमटी सगळ्यांना एक, अळणी.
चव ही उतरणीची पहिली पायरी, असं भिंतीवर.)
पुनो सांगतो, बाजारातून बांगडे आणले,
साफ करताना हात थरथरले,
पण दोन खाल्ले. दोन!
फिलोमेना विचारते, रेशाद भरलास?
आणि आम्ही सगळे त्या अवेळी
व्हिनेगरवरून भांडतो, मनसोक्त.

परवानगीवाचून भांडता येतं
हे मला चौथ्या वर्षी कळलं.

टेकडीवर 'मी' नव्हता.
ही जेवली, ह्याला ताप आहे, हिची आई वारली,
असं स्वतःबद्दल बोलायचं,
आपल्याच दाराबाहेर उभं राहून.
माझं नाव तिथे विशुद्धा.
आईचं पत्र जयवंतीच्या नावाने आलं,
ते परत गेलं: अशी व्यक्ती इथे राहत नाही.
शिक्का मारणारा हात माझाच.
टपाल माझ्याकडे होतं.

गेल्या चवथीपासून एक नंबर येऊन बसतो.
बोलत नाही. नुसता श्वास,
मधूनच एक कुत्रं.
सुलक्षा घाबरली, तिकडचा असेल, काढा त्याला.
पुनो म्हणाला, असू दे गो.
लगेच मला पुनोचाही संशय आला.
टेकडी सुटते, संशय सुटत नाही;
तो तिथे रोज वाढला जायचा
मिठाऐवजी.

आज तो बोलला.
आधी खाकरला.
घंटा... घंटा हा वाजवायचा.
थांबला. कुत्रं भुंकलं.
घंटा मी वाजवायचो.
वामन. स्वयंपाकघरामागच्या खोलीतला.

कुणीच काही बोललं नाही.
अकरा वर्षं रोज ज्या हाताला शिव्या घातल्या
(मनात, आणि त्याही तृतीयपुरुषी)
तो हात आता सावर्ड्याच्या डेपोत
रात्रपाळीला, टॉर्च धरून.

शेवटी फिलोमेनाने विचारलं,
आणि तुला रे कोण उठवायचं?

कोण नाही. झोपायचोच नाही.
चुकेल म्हणून.

मला दया यायला हवी होती.
आला तो राग,
आणि त्या रागाला शाईचा वास होता.
सांगावं का ह्यांना टपालाचं?
तोंड उघडलं, तर "हिने" आलं जिभेवर.
मिटलं परत.

पुनोने विचारलं, वामना, जेवतोस काय तिथे?
पाव. चहात बुडवून.
आणि मीठ?
चहात कोण मीठ घालतं रे, म्हणाला,
आणि हसला.
आम्हाला आधी खोकलाच वाटला.

साडेपाचला पोदेराचा भोंगा वाजला.
माझ्याच दाराशी; फोनमधून तो
त्यांनाही ऐकू गेला असेल, किंचित उशिरा.
उठले. सुट्टे पैसे शोधता शोधता
मोठ्याने म्हणून पाहिलं:
शिक्का मी मारला.

किती देऊ, पोदेराने विचारलं.
चार, म्हटलं.
मग म्हटलं, मला चार.