आधी ऑलिव्ह, मग टग

रात्री सव्वाअकराला फोन.
नंबर बघून मी तो दोनदा वाजू दिला.
वर्ना लाहती, पलीकडच्या घरातली.
तिच्या यंत्रानं एका हिवाळ्यात सगळा बर्फ
माझ्या कुंपणावर उडवला,
तेव्हापासून, म्हणजे चार वर्षं, अबोला.

"आर्व्हिड," ती म्हणाली, जसं काही कालच बोललो होतो,
"एकसष्ट नंबरचा रस्ता बंद केलाय.
मी डलूथला, हॉस्पिटलच्या लाँड्रीतच अडकले.
दोघं दुपारी दोनपासून आत आहेत."
"पिंजऱ्यात," मी म्हणालो.
"क्रेटमध्ये," ती म्हणाली.

किल्ली कुठे असते ते तिनं सांगितलं. मला ठाऊक होतं.
अबोला तोंडाचा असतो, डोळ्यांचा नसतो.

"आधी ऑलिव्ह. तिला मागच्या अंगणात ने.
ती परत आत, दार बंद, कडी दोनदा बघ.
मगच टग.
दोघांना एकदम सोडू नकोस.
मिनिटभरही नको, ते कितीही गोड वागले तरी.
म्हातारा मोकळाच असतो. त्याच्याकडे बघू नकोस,
त्याला खपत नाही."

मग मी न विचारताच म्हणाली:
"एका मोज्यावरून झालं. लोकरीचा, तोही फाटका.
मी कामावरून आले तर फरशीभर रक्त. तेवीस टाके.
वाईट त्यांच्यातलं कुणीच नाही रे.
मी नसते तेव्हा मधे उभं राहायला कुणी नसतं,
एवढंच."

गुडघाभर बर्फातून गेलो.
कुंपणापासून तिच्या दारापर्यंत एकोणीस पावलं.

स्वयंपाकघरात रेडिओ बारीक आवाजात
कुणालाच न विचारता उद्याचं हवामान सांगत होता.
दोन क्रेट, वर हॉस्पिटलच्या जुन्या चादरी,
कोपऱ्यावर धुऊन फिकट झालेला शिक्का,
आणि दोन्हींच्या मधल्या हातभर जागेत
म्हातारा आडवा पसरलेला,
पाठ हिच्या जाळीला, पंजे त्याच्या.

ऑलिव्हचा कान पोस्टाच्या तिकिटासारखा कातरलेला.
तिनं घाईघाईनं उरकलं, आणि मला हुंगायचीही
तसदी घेतली नाही.
कडी. पुन्हा कडी.

टग बाहेर आला आणि बर्फात नुसता उभाच राहिला,
कशासाठी आलोय हे विसरल्यासारखा,
वर तोंड करून, पापण्यांवर पांढरं.
मी बोलावलं नाही. मला त्याला हाक मारायची
कशी असते तेच माहीत नव्हतं.
मग तो आपण होऊन आत गेला,
तीन गिरक्या घेऊन बसला,
आणि माझ्याकडे बघितलं: लाव की आता.

इतकी वर्षं त्यांचं भुंकणं ऐकून
चर्चच्या कॉफीवर मी दोघातिघांना सांगितलं होतं:
ती बाई कुत्र्यांना कोंडून जाते.
हे मी आज फोनवर सांगितलं नाही. सांगणारही नाही बहुतेक.

"झालं," मी कळवलं.
"कडी?"
"दोनदा."
पलीकडे मोठमोठी यंत्रं घरघरत होती,
कुणाकुणाच्या आजाराच्या चादरी घुसळत.
फोन तिनं ठेवला नाही. मीही नाही.
"तो बर्फ," ती म्हणाली, आणि थांबली.
"चहा कुठे असतो तुझ्याकडे?" मी विचारलं.
"सिंकच्या वर. निळ्या डब्यातला घेऊ नकोस,
तो जुना आहे."

पाणी ठेवलं. खुर्चीवर कपड्यांचा ढीग होता,
म्हणून खाली, कपाटाला टेकून बसलो.
एका चादरीआड कुणीतरी झोपेत पाय झाडत होतं.
दोघांपैकी कोण, ते कळलं नाही.

थोड्या वेळानं म्हातारा उठला.
माझ्याकडे न बघता आला,
आणि बर्फ वितळून ओल्या झालेल्या माझ्या बुटावर
हनुवटी टेकून पडला.
केटल ओरडायला लागली होती.
मी पाय हलवला नाही.