शिवणीची फळी

केळेवाडीच्या चढावर भागूजींचं दुकान.
मी फळी मागितली, दीड वीत लांब, वीतभर रुंद,
शिवणीची, गाठ नसलेली.
"पोळपाट करायचाय?"
"नाही. डोंगर."

मोबाइलवर दाखवला.
बारा वर्षं मी जपानी शिकवते,
कर्वे रस्त्यावर, संध्याकाळच्या बॅचला,
आणि हा डोंगर अजून पाहिलेला नाही.
चित्रांतून मात्र इतका, की डोळे मिटून चढेन:
वाळत घातलेल्या कापडाखाली,
पुलाच्या दोन खांबांमध्ये,
पावसात पळणाऱ्या छत्र्यांपल्याड.
माणसं आपापल्या कामात, बहुतेक पाठमोरी,
आणि हा कोपऱ्यात, नखाएवढा.
शेकडो चित्रं. डोंगर एक.

भागूजींचं बोट एका चित्रावर थांबलं.
तिरपा ओंडका, त्यावर उभा एक करवत्या.
"हे ओढून कापतात. आपण ढकलतो."
आणि रिकाम्या मुठीनं हवेतच
दोनदा ओढून पाहिलं.
"वर देव आहे?"
"देवी आहे. फुलांची."
"चपला काढून चढतात?"
मला सांगता येईना.
बारा वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

रविवारी त्यांच्याच दुकानात बसून कोरलं,
भुशात पाय, शेजारी त्यांची पटाशी.
रेघ ठेवायची, बाकीचं काढायचं.
शिखराजवळ आले तेव्हा ते वाकले.
"इथं तर सगळंच काढलंत."
"तिथं बर्फ आहे. कागद कोराच सोडतात."
"म्हणजे डोंगर छापायचाच नाही?"
"आभाळ छापायचं. डोंगर उरतो."

बराच वेळ रंध्याचा आवाज आला नाही.
मग वर, टेकडीकडे हनुवटी करून म्हणाले,
"आमचे वडील त्या खाणीत होते, सुरुंगावर.
तिथला दगड खाली गेला,
कुणाच्या कुणाच्या पायात.
आता पाणी साचतं. मोर येतात."
मीही पटाशी खाली ठेवली.
वेताळाच्या टेकडीची ती बाजू
इथून दिसत नाही.
तरी आम्ही दोघं तिकडेच बघत होतो.

नीळ मी तांदळाच्या खळीत कालवली.
(तो गडद निळा रंग त्यांच्याकडेही
बोटीनंच आला होता, परक्या मुलखातून.
वर्गात हे सांगितलं की मुलं खट्टू होतात.)
वरून गर्द, खाली येता येता विरळ,
ओल्या ब्रशानं. कागद ठेवला.
वाटीच्या बुडानं घासला.
उचलला.

डोंगर उलटा आला.
डावा उतार उजवीकडे,
काढताना आरसा धरायला विसरले होते.
आणि उतारावर एक काळसर डाग,
डोळ्याएवढा. फळीच्या पोटात लपलेली गाठ,
शाई पिऊन वर आलेली.
"गाठ नको म्हटलं होतं मी."
"वरून नव्हती," ते म्हणाले. "लाकूड आहे, बाई."

एक प्रत धनश्रीला पाठवली, माझी विद्यार्थिनी,
तिकडे गिअर बनवणाऱ्या कारखान्यात दुभाषी.
तिचं उत्तर आलं:
मॅडम, अकरा महिन्यांत एकदाच दिसला,
गाडीच्या खिडकीतून, तेवढ्यात बोगदा आला.
बाकी रोज ढग.
लोक तरी त्या बाजूला बघून घेतात,
आहे ना, एवढ्यापुरतं.

दुसरी प्रत भागूजींनी ठेवून घेतली.
अवसेच्या दुसऱ्या दिवशी गेले
तर ती भिंतीवर, हत्यारांच्या वर, खिळ्याला,
आणि त्या गाठीवर शेंदूर.
ताजा, बोटाचा ठसा दिसेल असा.

सांगणार होते, हा तो नव्हे.
तो आपला नव्हे. तो तिकडचा.
तोंड उघडलंही.
"फळीचे साडेचारशे राहिलेत,"
भागूजी म्हणाले, आणि करवत
आपल्याकडे ओढली.