पिवळे पाय

सक्खरच्या घराची किल्ली शेजाऱ्याकडे देऊन निघालो.
पंधरा दिवसांत येतो, म्हणाले होते बाबा.
तेव्हापासून आमच्या चाळीत
वाटीभर साखर उसनी देतानाही
वाटीची खूण लक्षात ठेवायचे लोक.

सांगलीत बाबा हळदीच्या सौद्यात शिरले.
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा,
ते त्यांना लगेच जमलं.
बोलायला मराठी होती कुठे?
पण माल हरिपूरच्या पेवात ठेवा म्हटल्यावर
सगळ्यांचेच हात खिशात गेले.
जमिनीत पुरायचं? आणि हातात काय, पावती?
"कागद सक्खरहून पुष्कळ आणलेत," लोकूमल म्हणाला.

आडते शिवलिंगप्पांनी संगमेश्वराची शपथ घेतली.
संगमेश्वर आमच्या ओळखीचा नव्हता.

ओळखीची होती जेठी चाची.
चार पोरं पदरात, पापड लाटून
अकरा पोती हळद जमवलेली.
रेशनकार्डाचा अर्ज तिनं भरला की चाळ भरायची.
देवीची लस तिनं टोचून घेतली,
तेव्हा तिच्यामागे आमचे सतरा दंड उघडे.
तिनं अकराच्या अकरा पोती पेवात सोडली.
त्या आठवड्यात मग लोकूमलनंसुद्धा.

दीड वर्षानं पेव उघडलं.
माती सारून तोंड दिवसभर मोकळं ठेवलं,
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडला.
विझला तर माणूस उतरत नाही, हमाल म्हणाला.
आम्ही सगळे वाकून.
ज्योत आखडली,
पार वातीला चिकटली,
आणि राहिली.
आधी वास वर आला, मग पोती.
चाचीनं मोजली नाहीत. आम्ही मोजली.

पुष्कळ वर्षांनी, गच्चीवर पापड वाळत घालताना
मी विचारलं, चाची, तुला एवढा भरवसा कसा गं वाटला?
"भरवसा?" ती हसली. "रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता.
सकाळी तुझा बाबा हरिपूरहून येताना दिसला,
पाय घोट्यापर्यंत पिवळे.
म्हटलं, होतचंद ठेवून आला.
तो काय खुळा आहे?"

बाबा त्या दिवशी
नुसते संगमावर आंघोळीला गेले होते.
परतताना वाट चुकून
कुणाच्या तरी हळदीच्या खळ्यातून आले,
आईनं पायरीवरच पाय धुवायला लावले होते.
आमची पोती गेली ती
चाचीच्या नंतर, तिसऱ्या दिवशी.

हे मी तिला सांगितलं नाही.
ऊन कलत होतं.
तिच्या बाजूचे पापडही मीच उलटले.